१५ जीबी भरलं, दरमहा पैसे भरायचे नसतील तर काय करायचं?

तुम्ही विचारलंय की जीमेल जागा संपल्याचं सांगतंय, दर महिन्याला १३० रुपये कायमचे मागे लावून घ्यायची इच्छा नाही, आणि मुलीचे फोटो, वडिलांची कागदपत्रं आणि मेल या तिन्हींसाठी फुकटात काय मिळेल. मी कोल्हापुरात शाहूपुरीत डीटीपी-झेरॉक्सचं दुकान चालवते. हाच प्रश्न घेऊन आठवड्यातून दोन-तीन माणसं तरी काउंटरवर उभी असतात. त्यामुळे जे करून बघितलंय तेवढंच सांगते.

आधी एक गोष्ट. तुम्ही १५ जीबीला एक मोठं कपाट समजताय आणि ते भरलं म्हणून दुसरं, त्याहून मोठं फुकट कपाट शोधताय. पण त्या कपाटात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. मेल, ड्राइव्ह (गुगलची फाइली ठेवायची जागा) आणि फोटो या तिघांना मिळून ते १५ जीबी असतं. तिथून एकेक गोष्ट आपापल्या जागी नेली की फुकटातलं १५ जीबी बहुतेक घरांना पुरून उरतं. नुसतं कपाट बदललं तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचारत असाल.

जूनमधली गोष्ट. करवीर तालुक्यातला एक मुलगा वडिलांबरोबर कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आला. "ताई, चारदा ओटीपी मागवला, मेलवर येईनाच झालाय." वडील घाबरलेले, तारीख शेवटची. मी फोन हातात घेतला तर मेलच्या वर पट्टी दिसत होती, जागा पूर्ण भरल्याची. जागा भरली की जीमेलमध्ये नवीन मेल येत नाही आणि आपला जातही नाही. पाठवणाऱ्याला तो परत जातो. पोराला वाटत होतं कॉलेजची वेबसाइट बंद आहे. आम्ही काय केलं, तर ड्राइव्हमध्ये तालमीच्या फुटबॉल सामन्यांचे मोठमोठे व्हिडिओ पडले होते, ते त्याला विचारून आधी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवले, मग ड्राइव्हमधून काढले, कचरापेटीही रिकामी केली. थोडा वेळ थांबलो, ओटीपी परत मागवला, आला. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते: फोटो चार दिवस थांबतील, पण मेल थांबला की माणूस अडतो. बँक, पीएफ, इन्कम टॅक्स, सगळ्यांच्या किल्ल्या त्या मेलमध्ये असतात.

म्हणून मेल बदलू नका, हलका करा. लोक दोन-दोन तास बसून जाहिरातींचे हजारो मेल पुसतात आणि जागा सुटते नावापुरती, कारण साधा मेल कागदाच्या कपट्याएवढा असतो. जागा खातात त्या अटॅचमेंट. जीमेलच्या शोधण्याच्या चौकटीत इंग्रजीत 'लार्जर' लिहा, त्याला लागून कोलन, त्याला लागून १० आणि एम, मध्ये कुठेही मोकळी जागा सोडू नका, म्हणजे larger:10M असं. १० एमबीपेक्षा मोठे सगळे मेल समोर येतात. बहुतेकांच्या खात्यात असे पन्नास-शंभर निघतात आणि तेवढ्यातच एक-दोन जीबी सुटतं. लागणारी फाइल उतरवून घ्या, मग मेल काढा, मग कचरापेटी रिकामी करा. ही शेवटची पायरी लोक विसरतात. जीमेलच्या कचरापेटीत मेल ३० दिवस पडून राहतो आणि तोवर जागा अडवतो.

जुने मेल टाकवत नसतील तर थंडरबर्ड नावाचा फुकट प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घ्या. त्यात खातं जोडायचं, 'लोकल फोल्डर्स'मध्ये २०१५, २०१६ असे वर्षांचे कप्पे करायचे आणि त्या त्या वर्षाचे मेल तिथे कॉपी करायचे. एकदम ओढून हलवायचे नाहीत. आधी कॉपी, मग इंटरनेट बंद करून चार मेल अटॅचमेंटसकट उघडतात का ते बघायचं, आणि मगच जीमेलमधून काढायचे. माझ्या दुकानाचे दहा-अकरा वर्षांचे मेल असेच उतरवलेले आहेत आणि जुन्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका शोधायला मला इंटरनेटही लागत नाही.

दुसरी मेल सेवाच हवी असेल तर चार नावं सांगते. चेन्नईच्या झोहोचा मेल फुकटात ५ जीबी देतो, त्यात जाहिराती नाहीत. तुमचं स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं विकत घेतलेलं नाव, असेल तर पाच माणसांपर्यंत त्यावर फुकट पत्ते काढता येतात, छोट्या दुकानदाराला हे फार उपयोगी. अडचण एवढीच की फुकट योजनेतला मेल थंडरबर्डमध्ये जोडता येत नाही, त्यांच्याच अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये बघावा लागतो. स्वित्झर्लंडचा प्रोटॉन आणि जर्मनीचा टुटा गुप्ततेसाठी चांगले आहेत, पण फुकटात मेलला जागा १ जीबीच्या आसपासच. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकवर मेलसाठी १५ जीबी मिळतं, फाइलींसाठीच्या त्यांच्या वनड्राइव्हचं फुकट मात्र ५ जीबीच. यातलं काहीही घेतलं तरी जुना पत्ता निदान वर्षभर चालू ठेवा आणि बँकेतला पत्ता सगळ्यात आधी बदला.

आता फोटो. खरा भार इथेच असतो. १ जून २०२१ च्या आधी गुगल फोटोजमध्ये जरा कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता यायचे, जागा मोजली जात नव्हती. त्या तारखेनंतर चढवलेला प्रत्येक फोटो मोजला जातो. अनेकांना हे माहीतच नसतं, म्हणून "पूर्वी भरत नव्हतं, आता कसं भरलं" असं विचारतात. कॉम्प्युटरवर गुगल फोटोजच्या सेटिंगमध्ये 'रिकव्हर स्टोरेज' असं एक बटण आहे. मूळ दर्जाचे फोटो त्याने आकुंचन पावून १६ मेगापिक्सेलपर्यंत येतात. मोबाइलवर बघायला किंवा साधी प्रिंट काढायला काही फरक पडत नाही, मोठा फ्लेक्स काढायचा असेल तर पडतो. एकदा दाबलं की मागे येत नाही, म्हणून मूळ फोटो आधी उतरवून घ्या आणि मगच दाबा.

उतरवायला गुगलची 'टेकआउट' नावाची सोय आहे. तिथे सगळ्या खुणा काढून फक्त फोटो निवडा, ते झिपच्या तुकड्यांत मिळतात. लिंक सुमारे आठवडाभरच चालते, तेव्हा रात्री डाउनलोडला लावून द्या. फोटोंबरोबर भलत्याच नावाच्या छोट्या छोट्या फाइली येतात, त्या कचरा समजून टाकू नका. तारीख आणि जागेची माहिती त्यांत असते.

आणि कृपा करून हे नीट वाचा. फोनमधल्या गुगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' दाबलं तर फोनमधले फोटो जातात, गुगलवरचे राहतात. पण बॅकअप चालू असताना फोटो निवडून डिलीट केला तर तो दोन्हीकडून जातो. एक आजी नातवाच्या बारशाचे फोटो असेच घालवून आल्या होत्या, "ढगातले काढले, फोनमधले हायत की" म्हणत. फोटोंच्या कचरापेटीत ६० दिवस राहतात म्हणून परत मिळाले. सत्तरावा दिवस असता तर मी काही करू शकले नसते.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा अँड्रॉइडवर आता याच १५ जीबीत मोजला जातो. सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. ग्रुपवर रोज सकाळी येणारी सुविचारांची चित्रं आणि व्हिडिओ आपण पैसे देऊन जपायचे का, हे ठरवा. फोन बदलताना जुन्यावरून नव्यावर क्यूआर कोड स्कॅन करून गप्पा थेट नेता येतात, त्यासाठी ड्राइव्ह लागतही नाही.

मग उतरवलेले फोटो ठेवायचे कुठे? माझं उत्तर हार्ड डिस्क, आणि एक नाही, दोन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. आम्ही कॉम्प्युटर उचलून टेबलावर ठेवला, कागदाचे गठ्ठे माळ्यावर टाकले आणि कुलूप लावून निघालो. हार्ड डिस्क खालच्या ड्रॉवरमध्ये राहिली. ज्या डिस्कवर सगळा बॅकअप होता तीच. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर उघडायला दोन माणसं लागली, लाकूड फुगलं होतं. आत डिस्कभोवती बारीक, मऊ, लोण्यासारखा गाळ. पुसून, वाळवून, चार दिवस तांदळात ठेवून बघितली, चालू झाली नाही. माझ्या आईचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो तिच्यातच होते. फोनमधले जागा करायला म्हणून मी आधीच काढले होते.

तेव्हापासून एक डिस्क माझ्याकडे, वरच्या मजल्यावर, आणि दुसरी बहिणीकडे गारगोटीला. दिवाळीला आणि मे महिन्यात जाणं होतं तेव्हा अदलाबदल करतो. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा मी दुकानाची काळजी केली, फोटोंची नाही. तुमचं घर नदीपासून लांब असलं तरी चोरी आहे, शॉर्टसर्किट आहे. घरात एक, घराबाहेर एक हे ठेवाच. पेनड्राइव्हवर मात्र विसंबू नका, ते ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं साठवायला नाही. कपाटात नुसती पडून राहणार असेल तर एसएसडीपेक्षा, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कपेक्षा, साधी फिरत्या तबकडीची डिस्क बरी, आणि वर्षातून एकदा-दोनदा तीही जोडून बघा. डिस्कला पैसे पडतात, हे खरंय, पण ते एकदाच.

फोनमधले फोटो आपोआप घरच्या कॉम्प्युटरवर यावेत असं वाटत असेल तर सिंकथिंग हा फुकट, खुला प्रोग्रॅम आहे. मध्ये कुठल्याही कंपनीचं साठवणघर नाही, तुमच्या फोनमधून तुमच्याच कॉम्प्युटरवर. अँड्रॉइडवरचं त्यांचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता इतरांनी पुढे चालवलेलं वापरावं लागतं. एक लक्षात ठेवा, साध्या सेटिंगमध्ये एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं, म्हणून याला बॅकअप समजायचं नाही. मी स्वतः महिन्याच्या पहिल्या रविवारी केबल जोडून कॉपी करते.

ऑनलाइन एक प्रत हवीच असेल तर निवडक फोटोंसाठी मेगा चांगलं, फुकटात २० जीबी. त्यात फाइली अशा कुलूपबंद असतात की कंपनीलाही उघडता येत नाहीत. म्हणजे पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी की (खातं परत उघडायला मेगा देतं तो लांबलचक कोड) जपली नसेल तर तुम्हालाही उघडता येणार नाहीत. ती की कागदावर छापून रेशनकार्डाबरोबर ठेवा. ड्रॉपबॉक्सचं फुकट २ जीबीच, फोटोंसाठी विचारातही घेऊ नका. एक टीबी फुकट देणारी अ‍ॅपं आहेत. मुलीचे फोटो मी तिथे ठेवणार नाही. एवढी जागा सांभाळायला खर्च येतो आणि तो कुणाकडून वसूल होतोय हे मला दिसत नाही.

मोबाइलच्या रिचार्जबरोबर काही महिने फुकट मिळणाऱ्या जागेपासूनही जपून राहा. मिळाली म्हणून माणूस भरत सुटतो. मुदत संपते तेव्हा आत साठ-सत्तर जीबी असतं, खातं १५ वर येतं आणि त्या पोरासारखा मेल बंद पडतो. मग घाईघाईत पैसे भरले जातात. दुसरं जीमेल खातं फक्त फोटोंसाठी काढायला माझी हरकत नाही, पण दोन वर्षं त्यात कुणी शिरलंच नाही तर गुगल ते खातं काढून टाकू शकतं. वर्षातून दोनदा उघडा.

वडिलांच्या कागदपत्रांचं सगळ्यात सोपं. डिजिलॉकर. २०१५ पासून सरकारी सोय आहे, फुकट आहे. आधार, लायसन्स, गाडीचं आरसी बुक, बोर्डाची गुणपत्रिका हे तिथे थेट त्या त्या खात्याकडून येतं आणि कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं धरलं जातं. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही, ती नुसती साठवण, १ जीबीपर्यंत. वडिलांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते आधी बघा. निम्मी माणसं तिथेच अडतात.

पैसे भरणं कायमच चुकीचं असंही नाही. आमच्या गल्लीतला लग्नाचे फोटो काढणारा मुलगा जागेचे पैसे भरतो आणि बरोबर करतो, त्याच्याकडे गिऱ्हाइकाची ठेव असते. तुमच्या घराला मला त्याची गरज दिसत नाही. या रविवारी फक्त दोन कामं करा: मोठे मेल काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ बॅकअपमधून वगळा. मेल लगेच सुरू होईल, फोटोंचं मग निवांत करता येईल. मी फोन अँड्रॉइड धरून लिहिलंय. आयफोन असेल तर आयक्लाउडचं ५ जीबी आणि फोटो उतरवायची पद्धत निराळी आहे. खाली कळवा, त्याचं वेगळं लिहिते.