गोळी थांबवली आणि झोप आणखीच उडाली

प्रश्न : माझे वय ५८ आहे. घरातल्या एका आजारपणानंतर जिवाला सतत घोर लागून माझी झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांनी रात्री लोराझेपामची १ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले होते. पण बरे वाटू लागल्यामुळे मी गेले नाही आणि जुन्याच चिठ्ठीवर सात महिने गोळी घेत राहिले. गेल्या आठवड्यात मनाचा हिय्या करून ती बंद केली, तर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि हातांना पूर्वी कधीच नव्हती अशी थरथर सुटली. तिसऱ्या रात्री पुन्हा गोळी घेतली. आता ती जन्मभर घ्यावी लागणार का?

उत्तर : त्या दोन रात्रींवरून तसा निष्कर्ष काढू नका. लोराझेपाम हे बेन्झोडायझेपिन गटातले औषध आहे. मज्जापेशींची उत्तेजना आवरणारे गाबा नावाचे रसायन मेंदूत असते, त्याचा प्रभाव ही गोळी वाढवते. परंतु अशी मदत रोज मिळू लागली की मेंदू काही आठवड्यांत स्वतःचा आवर तेवढा सैल करतो, आणि मग ती एकाएकी थांबली की निद्रानाश पूर्वीपेक्षाही जोराने उसळतो. रक्तातले लोराझेपाम साधारण १२ तासांत निम्म्यावर येत असल्याने ही उसळी एक-दोन दिवसांतच जाणवते. मूळची चिंता सहसा इतक्या तडकाफडकी परतत नाही, आणि नव्याने सुटलेली थरथरही औषध तुटल्याकडेच बोट दाखवते. हे औषध बहुधा दोन ते चार आठवड्यांपुरतेच द्यायचे असते. तुम्हाला पुन्हा बोलावले होते ते त्यासाठीच.

तिसऱ्या रात्री गोळी घेतलीत याचा कमीपणा वाटून घेऊ नका. इतक्या महिन्यांनंतर ती एकदम तोडल्यास क्वचित फिटही येऊ शकते. मात्र यापुढे स्वतःच्या मनाने ती बंदही करू नका आणि वाढवूही नका. १ मिलिग्रॅम हा आकडा दिसायला किरकोळ असला, तरी परिणामाच्या हिशेबाने तो डायझेपाम या याच गटातल्या औषधाच्या सुमारे १० मिलिग्रॅमइतका भरतो. डायझेपाम शरीरातून सावकाश जाते आणि त्याचे लहान लहान टप्पे पाडता येतात, म्हणून काही डॉक्टर आधी रुग्णाला त्यावर आणतात. दर दोन-चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात, असा वेग अनेकांना झेपतो. त्रास झाला तर त्याच टप्प्यावर थोडे थांबायचे. यात काही महिने जातील, ते जाऊ द्यावेत.

गोळी चालू असेपर्यंत मद्य पूर्ण वर्ज्य करा आणि अफूजन्य वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण एकत्र आल्यास श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. रात्री उठताना तोल सांभाळा. झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि झोप येत नसेल तर तळमळत पडून न राहता अंथरुणाबाहेर जाऊन बसणे, हा वर्तनोपचाराचा भाग कपातीबरोबरच सुरू करता येतो.

डॉक्टरांकडे जाताना उरलेली पाकिटे आणि जुनी चिठ्ठी सोबत न्या, आणि संकोच न करता सात महिनेच सांगा; कपातीचा पहिला टप्पा त्याच आकड्यावरून ठरणार आहे.