थेरपींची दहा नावं वाचून काय समजायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा वाचनात मागे पडतोय म्हणून एका मानसशास्त्रज्ञांचं नाव कुणी सुचवलं, पण त्यांच्या परिचयातल्या तीन पदव्या, दहा थेरपी आणि 'सर्वंकष मूल्यांकन' यातून काहीच उलगडलं नाही. साहजिक आहे. अठरा वर्षं मी हेच काम करतेय आणि माझा स्वतःचा परिचयही एकेकाळी असाच होता.

पदव्यांचं पटकन उरकते. सायकिअ‍ॅट्रिस्ट आधी डॉक्टर असतात, औषधं तेच देतात. मानसशास्त्रज्ञ सहसा चाचण्या आणि थेरपी करतात. नोंदणी आहे का ते बघा. मग विचारा की वरिष्ठांच्या देखरेखीखाली किती काळ काम केलं, आणि मुलांबरोबर की मोठ्यांबरोबर. मोठ्यांच्या नैराश्यात मुरलेला माणूस आठ वर्षांच्या पोराचं वाचन तपासायला योग्य असेलच असं नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र मी तरी धरत नाही.

खरी गोम मूल्यांकनात आहे. चाचण्यांचा गठ्ठा सोडवून घेणं म्हणजे मूल्यांकन नव्हे, त्याला आधी प्रश्न लागतो. 'ऐकलेलं सगळं कळतं, मग वाचताना का अडखळतो?' असा प्रश्न असला की कुठल्या चाचण्या घ्यायच्या ते ठरतं. 'एकदा सगळंच बघून टाका' म्हटलं की नुसते आकडे हाती येतात. डोळे आणि कान तपासलेत का, हे जो आधी विचारतो त्याच्याकडे मी निर्धास्तपणे पाठवते.

आकड्यांची गंमत सांगते. ठोकळे जुळवून नक्षी करायची एक चाचणी असते, घड्याळ लावून. एक मूल दहा सेकंदांत 'नाही येत' म्हणून ठोकळे सरकवून देतं. दुसरं वेळ संपल्यावरही मान खाली घालून बसतं आणि अर्ध्या मिनिटात नक्षी बिनचूक पूर्ण करतं. गुण दोघांनाही शून्य. हा फरक ज्या रिपोर्टमध्ये लिहिलेला नाही, तो वाचून शाळेला काय कळणार? बुद्ध्यांकाचंही तसंच. बुद्ध्यांक मोजायच्या वेक्सलर नावाच्या चाचण्यांत सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरतात याचं माप) 15, म्हणजे साधारण 68 टक्के लोक 85 ते 115 मध्येच येतात. शिवाय प्रत्येक आकड्याला मोजमापाची चूक चिकटलेली असते. म्हणून नुसता '92' लिहिणाऱ्यापेक्षा तो कुठून कुठपर्यंत असू शकतो हे सांगणारा बरा.

थेरपीबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, तुमच्या स्वतःच्या धास्तीसाठी. त्या दहा नावांवर जाऊ नका. सरळ विचारा, 'सहा-आठ सेशननंतर फरक पडला नाही तर काय कराल?' या प्रश्नावर जो चिडतो किंवा 'पडतोच' म्हणतो, तिथून उठा.

हे मी माझ्या चुकीवरून शिकले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एका बाईंना लिफ्टमध्ये छातीत धडधड व्हायची, आता जीव जाणार असं वाटायचं. हृदयाच्या तपासण्या झालेल्या, सगळं ठीक. मी श्वासाचे व्यायाम शिकवले आणि कित्येक आठवडे दोघी खूश होतो. मग त्या सहज बोलून गेल्या, 'आज श्वास मोजता आला नाही, म्हणून जिन्यानं आले.' व्यायाम ही त्यांची कुबडी झाली होती. श्वास मोजला म्हणून जीव वाचला, असंच त्यांचं मन शिकत होतं. मग उलटा रस्ता धरला. खोलीतच जागच्या जागी धावून मुद्दाम धडधड आणायची, काहीच न करता बसून राहायचं आणि ती आपोआप उतरते का ते बघायचं. पहिल्यांदा त्या माझ्यावर वैतागल्या. तिसऱ्या आठवड्यात लिफ्टनं आल्या.

मुलाला नेताना गेल्या दोन वर्षांच्या वह्या न्या, प्रगतिपुस्तकापेक्षा त्याच जास्त बोलतात. चष्मा असेल तर विसरू नका. त्याला 'परीक्षा आहे' म्हणू नका, पण 'खेळायला जातोय' असंही खोटं सांगू नका. 'वाचायला त्रास का होतो ते एक जण शोधून देणार आहेत' एवढं पुरतं. आणि रिपोर्ट मेलवर टाकून मोकळे होणार की समोर बसून समजावणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.