मालवणला स्कूबा सोडून पाण्याकाठी काय करता येईल? सोबत आई-बाबा आहेत.

सरळ देवबाग गाठा. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, खाडीतून होडीने संगमापर्यंत फिरवून आणतात आणि मधल्या वाळूच्या बेटावर (सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात) उतरता पण येतं, फक्त भरतीची वेळ बघून जा कारण भरतीला ती वाळू पाण्याखाली जाते आणि मग गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढणं एवढंच उरतं. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला साधारण सहा. नाहीतर होडीवाल्याला विचारा, त्याला तोंडपाठ असतं. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही.

बनाना राइड आई-बाबांना झेपणार नाही, आणि मला तर ती तशीही पैशाची नासाडी वाटते.

त्यापेक्षा धामापूर तलावाला अर्धा दिवस द्या. १५३० सालचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, चहूबाजूंनी गर्द झाडी. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळालाय तरी गर्दी तारकर्लीच्या मानाने काहीच नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर खाडीतल्या बोटी बंद असतात हं.