बैठक मोडू नकोस

तुझा मेसेज दोनदा वाचला. एवढा लांबलचक, आणि सगळा कोण कुठल्या गटात गेलं, कुणी कुणाला ग्रुपमधून काढलं यानेच भरलेला. वस्तीतल्या रविवारच्या बैठकीबद्दल एकच ओळ, "सध्या बंद आहे." मी तिथेच अडकलो.

पक्षाच्या फुटीने एवढा हादरू नकोस रे. आपल्या समाजवाद्यांचंच बघ. १९३४ ला काँग्रेसच्या आतच समाजवादी पक्ष झाला, १९४८ ला नाशिकला काँग्रेसमधून बाहेर पडायचं ठरलं, १९५२ ला प्रजा समाजवादी पक्ष, १९५५ ला राममनोहर लोहिया वेगळे, १९६४ ला एकत्र येऊन संयुक्त समाजवादी आणि वर्षभरात परत फूट, १९७१ ला पुन्हा जुळले, १९७७ ला जनता पक्षात विलीन. दर वेळी तरुण पोरांना रातोरात ठरवायला लागायचं, आपण कुणाचे. किती चांगली पोरं त्यातच घरी बसली.

आता समाजवाद्यांनीच चालवलेलं राष्ट्र सेवा दल बघ. १९४१ ला एस. एम. जोशी दलप्रमुख झाले तेव्हापासून शाखा म्हणजे संध्याकाळी मैदानात जमायचं, खेळायचं, गाणी म्हणायची, मग गोल करून बोलायचं, कोण कुठल्या जातीचा हे विचारायचं नाही. पक्षाचे तुकडे होत राहिले तरी शाखा भरत होती, गाणी-नाटकं करणारं कलापथक गावोगाव फिरत होतं. समाजसुधारक हमीद दलवाई यातलेच, नट निळूभाऊ फुले यातलेच. म्हणून म्हणतो, बैठक मोडू नकोस.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. ७७ साली आमच्या तालुक्याला दर रविवारी अभ्यासवर्ग व्हायचा, शिंप्याच्या दुकानावरची खोली, भाडं आम्हीच वर्गणी काढून भरायचो. निवडणूक जाहीर झाली आणि मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात घालून प्रचाराला गेलो. तेव्हा सगळेच गेले होते, आणीबाणी सोसल्यावर घरी कोण बसणार होतं, आणि आजही मला प्रचाराला गेल्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते किल्लीचं. शेजारी कुणाकडे तरी ठेवता आली असती ना. इतकं सोपं होतं ते.

निवडणूक जिंकली, मग पक्ष विलीन झाला, मग नव्या पक्षात आपलं स्थान काय यावर महिनोन्महिने वाद, त्यात मीच पुढे. खोली उघडली तेव्हा पावसाळा संपत आला होता. हजेरीच्या वहीला वाळवी लागलेली, शेवटच्या पानावर तेवीस सह्या. खाली शिंपी म्हणाला, मळ्यातला एक पोरगा चार रविवार येऊन जिन्यात बसायचा, मग यायचा बंद झाला.

त्याला शोधायला मी गेलो नाही. वेळ नव्हता असं मी बरीच वर्षं सांगत आलो.

तर गट कुठला ते तू सावकाश ठरव, सहा महिने लागले तरी चालतील, मला विचारूही नकोस. नेत्यांचे फोन आले तर म्हणावं रविवारी रिकामा नाही. पण बैठक मोडू नकोस. तीनच पोरं आली तरी तिघांची घे, पेपरातली एक बातमी वाच, त्यांना बोलू दे. आणि किल्ली वस्तीतल्याच कुणाकडे ठेव, स्वतःकडे नको.

या रविवारी विषय काय ठेवतोयस ते शनिवारपर्यंत कळव.