द्राक्षात औषध सापडलं, तरी रिपोर्ट ‘पास’ कसा?

प्रश्न : ताई, आमच्या साडूंची निफाडला द्राक्षबाग आहे, एक्स्पोर्टचा प्लॉट. त्यांच्या लॅब रिपोर्टमध्ये चार औषधांचा रेसिड्यू, म्हणजे फवारणीचा उरलेला अंश, दिसतोय आणि खाली ‘पास’. वडील म्हणतात पूर्वी असलं काही निघायचंच नाही. पोरीला द्राक्षं द्यायची का नाही? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : द्या हो दादा, नीट धुऊन द्या.

पूर्वी निघायचं नाही कारण मशीनला दिसायचंच नाही. आता किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमसुद्धा पकडतात, म्हणजे दहा-दहा टनांचे दहा ट्रक द्राक्षं आणि सगळ्यात मिळून एक ग्रॅम औषध! त्यामुळे ‘सापडलं’ यावर घाबरू नका, किती सापडलं ते बघा.

आता हे ‘किती’ कसं ठरतं, तर प्राण्यांवर चाचण्या करून ज्या डोसाला काहीच अपाय दिसत नाही तो घेतात आणि साधारण १०० ने भागून माणसासाठी सुरक्षित डोस ठरवतात, दहापट माणूस आणि प्राणी वेगळे म्हणून आणि आणखी दहापट माणसामाणसात फरक असतो म्हणून. रिपोर्टवर ‘पास’ ठरवणारी लिमिट मात्र वेगळी, लेबलप्रमाणे फवारलं तर काढणीला किती अंश उरतो यावरून ती काढतात आणि मग त्या सुरक्षित डोसाशी ताडून बघतात. म्हणून लिमिट ओलांडली की लगेच विष झालं असं नाही, बहुधा फवारणीत काहीतरी चुकलं.

आपल्याकडे खाण्याच्या वस्तूंसाठीचा १९५४ चा कायदा मुख्यतः भेसळ पकडण्यासाठी होता, धोका शास्त्रीय पद्धतीने मोजून नियम करायचे हे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आलं.

पण कागदावर सगळं छान असूनही फसगत होतेच. २०१० ला युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधामुळे, तपासायच्या यादीत त्याचं नावच नव्हतं तर लॅब शोधणार काय? नुकसान मात्र बागायतदारांचं झालं.

आणि माझं खरं दुखणं वेगळंच आहे. एक्स्पोर्टच्या प्लॉटची नोंदणी होते, काढणीआधी सॅम्पल जातं. कोपऱ्यावरच्या गाडीवरची द्राक्षं कुठल्या बागेतली, कुणाला माहीत? तिथे सॅम्पल घेतात ते अधूनमधून.

तेव्हा साडूंना एवढंच विचारा, शेवटची फवारणी कधी केली आणि तुम्हाला दिलेली पेटी त्याच प्लॉटमधली का. जरा गोडीत विचारा, साडू आहेत.