"यू हॅव गॉट बकलीज" म्हणजे नक्की काय, आणि कोण हा बकली?

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही लिहिलंय की दिवाळीला तीन आठवडे सुट्टी मिळेल का असं मेलबर्नच्या ऑफिसात शेजारच्याला सहज विचारलं आणि तो म्हणाला "मेट, यू हॅव गॉट बकलीज", तर त्याचा अर्थ एवढाच की सुट्टी विसरा. मिळणार नाही. पूर्ण वाक्प्रचार "बकलीज चान्स" असा आहे पण इकडे बोलताना चान्स हा शब्द बहुतेक वेळा गाळूनच टाकतात, म्हणून नवीन माणसाला पत्ताच लागत नाही की हे बकली प्रकरण काय आहे. यात शिवी नाही, अपमान नाही, तुमच्यावर राग तर अजिबात नाही, उलट आपला समजून मोकळेपणाने सांगितलंय त्याने. बॉक्सिंग डे टेस्टच्या दिवशी एमसीजीजवळ, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट मैदानाजवळ, पार्किंग मिळेल का विचारून बघा कुणालाही, हेच उत्तर येईल. न्यूझीलंडमध्येही चालतं हे.

आता बकली कोण. मी मेलबर्नजवळच्या जिलाँगकडे राहतो, इथे नदीवर बकली फॉल्स आहे, पॉइंट लोन्सडेलच्या दीपगृहाखाली बकलीची गुहा आहे, त्यामुळे हा माणूस आमच्या रोजच्या येण्याजाण्यातला, आणि त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन ओळीत उरकलेली असते याचं मला खरंच वाईट वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विल्यम बकली इंग्लंडमधल्या चेशरचा. गवंडीकाम शिकला, मग सैन्यात गेला, १८०२ साली चोरीचं कापड घेतलं म्हणून शिक्षा झाली आणि कैद्यांच्या जहाजातून इकडे रवानगी. ऑक्टोबर १८०३ मध्ये डेव्हिड कॉलिन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली पोर्ट फिलिप बेमध्ये (बे म्हणजे उपसागर), आताच्या सोरेंटोजवळ, वसाहत टाकायचा प्रयत्न झाला. जागा चुकली होती, गोड्या पाण्याची बोंब आणि जमीन रेताड, काही महिन्यांत सगळं गुंडाळून मंडळी टास्मानियातल्या होबार्टला गेली. पण त्याआधीच २७ डिसेंबरच्या रात्री बकली आणि अजून काही कैदी पळाले. एकाला गोळी लागली. बाकीच्यांच्या डोक्यात होतं की चालत सिडनी गाठायची, आता तिथून सिडनी शेकडो किलोमीटर आणि ते पण कुठल्या दिशेला हे कुणाला धड माहीत नाही.

चालत चालत अख्ख्या बेला वळसा घालून ते पलीकडच्या किनाऱ्यावर पोचले, आता क्वीन्सक्लिफ गाव आहे त्या बाजूला. आणि तिथून समोर पाण्यापलीकडे आपल्याच मंडळींचं जहाज नांगरलेलं दिसतंय! पोटात अन्न नाही, अंगात त्राण नाही, ज्या लोकांपासून जीव घेऊन पळाले त्यांनीच येऊन आपल्याला पकडून न्यावं म्हणून हे लोक रात्री जाळ पेटवतायत, दिवसा अंगातले शर्ट काढून झाडांवर टांगतायत. बकलीने म्हातारपणी जी हकीकत सांगितली त्यात आहे की एक होडी निघाली, अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि परत फिरली. मग सोबती म्हणाले आम्ही आल्या वाटेने परत जातो, आणि गेले, त्यांचं पुढे काय झालं कुणालाच कळलं नाही. बकली मागे राहिला, एकटा, विशीतला पोरगा.

शिंपल्यातले जीव खाऊन कसाबसा जगत होता. मरायला टेकला तेव्हा एका कबरीच्या ढिगाऱ्यात रोवलेला भाला दिसला, तो त्याने काठीसारखा आधाराला घेतला. त्या भाल्याने वाचवलं त्याला. इथले मूळ रहिवासी म्हणजे वदवुरुंग लोक, त्यांच्या समजुतीनुसार मेलेली माणसं गोऱ्या रूपात परत येऊ शकत होती, आणि भाला होता मुर्रंगुर्क नावाच्या त्यांच्यातल्याच एका मेलेल्या माणसाचा. त्यांना वाटलं आपला मुर्रंगुर्क परत आला. त्याला खाऊ घातलं, भाषा शिकवली, मासे आणि ईल कसे पकडायचे, कुठले कंद खणायचे ते दाखवलं, त्यांच्यातलाच एक करून टाकलं. असा तो राहिला किती, तर ३२ वर्षं.

जुलै १८३५ मध्ये, मेलबर्नची वसाहत सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन बॅटमनची माणसं याच बेच्या किनाऱ्यावरच्या इंडेन्टेड हेडला तळ टाकून होती तिथे हा धिप्पाड माणूस कातडं पांघरून, हातात भाले घेऊन येऊन उभा राहिला. इंग्रजी पार विसरला होता. त्यांनी पाव दिला तेव्हा "ब्रेड" हा शब्द आधी परत आला तोंडात, आणि दंडावर गोंदलेलं होतं डब्ल्यू बी, त्यावरून ओळख पटली. माफी मिळाली, दुभाष्याचं काम मिळालं, पण गोरे म्हणायचे हा मूळ रहिवाशांकडचा, आणि ज्या वदवुरुंग लोकांनी सांभाळलं त्यांची जमीन डोळ्यांदेखत जाताना बघायची, दोन्हीकडून कोंडी. १८३७ च्या शेवटी होबार्टला निघून गेला, तिथेच १८५६ मध्ये वारला.

तर लोकांचं म्हणणं असं की एकटा माणूस रानात जगण्याची शक्यता जेवढी, तेवढाच तुझा चान्स, म्हणून बकलीज चान्स. गोष्ट म्हणून छान आहे, पण मला दोन ठिकाणी खटकतं. एक तर बकली जगला! ज्याच्या नावाने "अशक्य" म्हणायचं तोच माणूस जगून दाखवून गेला, मग उलटा अर्थ व्हायला हवा होता. आणि दुसरं, तो गेला १८५६ मध्ये पण हा वाक्प्रचार छापील स्वरूपात दिसायला लागतो तो १८८० नंतर, मध्ये एवढी वर्षं त्याच्या गाजत्या काळात कुणीच वापरला नाही हे पटत नाही.

इथे दुसरी कहाणी येते, दुकानाची. १८५१ साली, सोन्याच्या शोधात मेलबर्नला माणसांचा पूर आला त्याच वर्षी, बर्क स्ट्रीटवर मार्स बकली आणि क्रम्प्टन नन या दोघांनी कापडाचं दुकान काढलं, "बकली अँड नन". पुढे ते शहरातलं मोठं डिपार्टमेंट स्टोअर झालं, पिढ्यानपिढ्या लोकांनी तिथे खरेदी केली, १९८२ मध्ये डेव्हिड जोन्स या दुसऱ्या डिपार्टमेंट स्टोअर कंपनीने घेतलं. आता गंमत उच्चारात आहे. नन हे आडनाव आणि काहीच नाही या अर्थाचा इंग्रजी शब्द, दोन्ही बोलताना अगदी सारखे. म्हणून म्हणायचे, तुला दोनच चान्स आहेत, बकलीज अँड नन. अजूनही जुनी माणसं अख्खं वाक्य असंच म्हणतात. मेलबर्नमध्ये दुकानाची पाटी रोज डोळ्यासमोर असताना ही कोटी कुणालाही सुचली असती, आणि काळाचा हिशोबही बसतो.

माझं मत विचाराल तर वाक्प्रचार दुकानाने दिला, आणि तो टिकला मात्र कैद्यामुळे, म्हणजे दुकान बंद झालं तरी बकली म्हटल्यावर लोकांना डोळ्यासमोर आणायला एक माणूस होता. वाद अजून मिटलेला नाही, तुम्हाला दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे भेटतील. मला फक्त एवढंच वाटतं की कैद्याची गोष्ट सांगणारे "तो नशिबाने वाचला" म्हणून पुढे जातात ते बरोबर नाही, त्याला वदवुरुंग लोकांनी वाचवला, घरात घेऊन, वर्षानुवर्षं सांभाळून. त्यांचे वंशज आजही याच भागात आहेत.

वापरताना एक लक्षात ठेवा, मित्रांत आणि टीममध्ये बिनधास्त बोला पण क्लायंटला लिहायच्या ईमेलमध्ये नको, फार घरगुती वाटतं. आणि एखाद्या शनिवारी वेळ काढून सोरेंटोला जा, जुन्या वसाहतीची जागा बघा, तिथे त्या काळातल्या कबरी आहेत, मग तिथूनच गाडीसकट फेरीत बसून क्वीन्सक्लिफला उतरा, साधारण चाळीस मिनिटं लागतात, आणि त्या लोकांनी उपाशीपोटी किती मोठा वळसा घातला होता ते फेरीतूनच कळतं. उतरल्यावर पॉइंट लोन्सडेल जवळच आहे. गुहेच्या तोंडाला लोखंडी गज आहेत, बाहेरूनच बघावी लागते, आणि तो खरंच तिथे राहिला होता का यावरही इथे वाद आहे. भरती-ओहोटीची वेळ बघून जा.