शेक्सपिअरच्या आधी इंग्रजीत नाटक होतं का?

तुम्ही विचारलंय की मध्ययुगातली इंग्रजी नाटकं म्हणजे नुसती चर्चची प्रवचनं होती का, आणि तसं असेल तर रेनेसान्समध्ये, म्हणजे प्रबोधनकाळात, मार्लो-शेक्सपिअरसारखे नाटककार एकदम कुठून आले. मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवतोय, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, कारण नोट्समध्ये मध्ययुगाच्या वाट्याला दीड पान येतं. माझं उत्तर असं की शेक्सपिअरच्या आधी निदान दोनशे वर्षं इंग्लंडातले सुतार, पाववाले, शिंपी आणि खिळे घडवणारे लोक इंग्रजीत नाटकं करत होते. ती वाचल्याशिवाय पुढचं नीट उलगडत नाही.

सुरुवात चर्चमध्ये झाली हे खरं. इ.स. ९७०च्या सुमारास विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड याने मठांसाठी नियमावली तयार केली. ईस्टरच्या, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाल्याच्या सणाच्या, पहाटेचा एक प्रसंग कसा करायचा हे तीत लिहिलंय. एक भिक्षू देवदूत होऊन हातात झावळी घेऊन येशूच्या कबरीपाशी बसतो. दुसरे तिघं येशूला शोधणाऱ्या बायका होऊन ‘काहीतरी शोधत असल्यासारखे’ हळूहळू येतात. देवदूत लॅटिनमध्ये विचारतो, ‘कुणाला शोधताय?’ सगळा प्रसंग काही ओळींचा. पण नुसती प्रार्थनाच म्हणायची असती तर कसं चालत यायचं हे सांगायची गरज काय होती? ती सूचना अभिनयाची आहे.

इथून पुस्तकं सरळ रेघ ओढतात की नाटक आधी वेदीपाशी, मग अंगणात, मग बाजारात गेलं. मला ते पटत नाही. आतली लॅटिन नाटकं आत चालूच राहिली. बाहेर जे उभं राहिलं ते शहरांनी आपल्या पैशाने आणि आपल्या बोलीत उभं केलं.

यॉर्कचं उदाहरण घ्या. तिथल्या नाटकांची पहिली नोंद १३७६ची आहे. मे-जूनमध्ये कॉर्पस क्रिस्तीचा कॅथलिक सण येतो. त्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास चाकांचे गाडे निघायचे आणि शहरातल्या ठरलेल्या बारा ठिकाणी थांबून प्रत्येक गाडा आपला प्रसंग करायचा. जगाच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंत जवळपास ४८ नाटकं होती, आणि प्रत्येक नाटकाचा खर्च नि जबाबदारी एकेका कारागीर संघाकडे, म्हणजे गिल्डकडे. नोआची नौका जहाज बांधणाऱ्यांनी बांधायची, येशूचं शेवटचं भोजन पाववाल्यांनी करायचं. आणि येशूला क्रुसावर ठोकण्याचं काम खिळे-टाचण्या घडवणाऱ्यांकडे होतं.

हे शेवटचं नाटक मी दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचून घेतो. चार शिपाई आहेत. येशू आपण होऊन क्रुसावर आडवा होतो. एक हात ठोकून होतो, पण दुसरा हात भोकापर्यंत पोचत नाही, चांगला फूटभर कमी पडतो. भोकं आधीच चुकीच्या जागी पाडून ठेवलेली! मग दोर बांधून हात ओढतात. पुढे क्रूस उचलताना एक जण ओरडतो की खांदा निखळला. खोबणीत उभा केला तर खोबण मोठी, क्रूस डुगडुगतो, म्हणून पाचरी मारतात. एकमेकांवर खेकसणं, कामचुकारपणा, दम लागणं, सगळं तिथे आहे. एका वर्षी सुतारकाम करणाऱ्याचा मुलगा वर्गात होता. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, ‘सर, हे लिहिणाऱ्याने काम केलेलं आहे.’ मला यापेक्षा चांगली टीका करता आली नसती. येशू अख्ख्या नाटकात दोनदाच बोलतो. क्रुसावरून तो ‘या वाटेने, या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना’ हाक मारतो, तेव्हा प्रेक्षक खरोखरच रस्त्यात उभे असतात. याला प्रवचन कसं म्हणणार?

नीतिनाट्यांबद्दल थोडक्यात. त्यांत बायबलमधल्या कथा नाहीत, माणूस आणि त्याला ओढणारे सद्गुण-दुर्गुण हीच पात्रं. त्यांतलं ‘एव्हरीमन’ मूळ डच नाटकावरून आलेलं. या नाटकांतला लोकांचा आवडता म्हणजे ‘व्हाइस’, हसवत हसवत पाप करायला लावणारा. त्याला लक्षात ठेवा.

रेनेसान्सने मग काय दिलं? लॅटिन शाळा दिल्या. तिथे पोरं प्लॉटस, टेरेन्स आणि सेनेका हे जुने रोमन नाटककार पाठ करायची, त्यातून पाच अंकांची बांधणी आणि सूडाची शोकांतिका आली. १५६२ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी राणी एलिझाबेथसमोर केलेल्या ‘गॉर्बोडक’मध्ये निर्यमक छंद, म्हणजे यमक नसलेलं पद्य, इंग्रजी रंगमंचावर पहिल्यांदा आला. ते वाचायला कोरडं आहे. जीव आला तो हे लॅटिन शिक्षण कारागिरांच्या घरातल्या मुलांना मिळालं तेव्हा. मार्लो कँटरबरीच्या चांभाराचा मुलगा. त्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन, त्याचा सावत्र बाप गवंडी, आणि जॉन्सनने स्वतः विटा रचल्या. शेक्सपिअरचे वडील हातमोजे शिवणारे.

१५७२च्या कायद्याने सरदाराचा आश्रय नसलेले नट भटके-भामटे ठरले, म्हणून नाटक मंडळ्या सरदारांच्या नावाने बांधल्या गेल्या. १५७६ साली जेम्स बर्बेजने लंडनच्या हद्दीबाहेर शोरडिचला ‘द थिएटर’ बांधलं. हा बर्बेज मूळचा सुतार. पुढे जमीनमालकाशी वाजलं तेव्हा त्याच्या मुलांनी १५९८च्या डिसेंबरात ते नाट्यगृह सोडवून काढलं आणि त्याच लाकडातून १५९९ साली थेम्सपलीकडे ‘ग्लोब’ उभं राहिलं. एक पेनी देऊन कामगार आणि काम शिकणारी पोरं अंगणात उभे राहून नाटक बघायचे, जसे त्यांचे आजे गाड्यापुढे उभे राहायचे.

दरम्यान गाडे बंद पडले होते. प्रॉटेस्टंट राजवटीला ती जुनी कॅथलिक नाटकं नको होती. यॉर्कचा शेवटचा प्रयोग १५६९चा, कॉव्हेंट्रीचा १५७९चा. कॉव्हेंट्री शेक्सपिअरच्या गावापासून, स्ट्रॅटफर्डपासून, तीसेक किलोमीटरवर, आणि तो तेव्हा पंधरा वर्षांचा. कॉव्हेंट्रीच्या संहितेत सूचना आहे की बायबलमधल्या क्रूर हेरोद राजाने गाड्यावर थयथयाट करावा ‘आणि रस्त्यातही’. शेक्सपिअरचा हॅम्लेट नटांना बजावतो की हेरोदापेक्षा जास्त हेरोदगिरी करू नका. मॅकबेथचा दारुडा द्वारपाल स्वतःला नरकाच्या दाराचा पहारेकरी समजतो, ते दारही जुन्या गाड्यांवरचंच. तिसऱ्या रिचर्डने तर स्वतःची तुलना सरळ व्हाइसशी केली आहे. आणि मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’मध्ये नायकाभोवती चांगला देवदूत, वाईट देवदूत आणि सात महापापं नीतिनाट्यांतून जशीच्या तशी आली आहेत.

वाचायचं असेल तर यॉर्कचं क्रुसावरचं नाटक आधी घ्या. फक्त ३०० ओळींचं आहे. चौघांना जमवून मोठ्याने वाचा, दोर आणि पाचरी डोळ्यांसमोर येऊ द्या, आणि मग त्याच आठवड्यात ‘डॉक्टर फॉस्टस’ उघडा.